न्हाणीघराच्या अलीकडचं पातेलं

पन्नासच्या दशकात तंजावुरात घरोघर एनॅमलची भांडी येऊ लागली. आमच्याकडे मात्र त्यांची धाव न्हाणीघरापर्यंतच. मगा, तोंड धुवायचं तसराळं, तिथे काय हवं ते आणा. स्वयंपाकघरात राज्य आत्याचं. बाबांची ही थोरली बहीण लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, आणि तिचं सोवळं, आमच्या बोलीत ‘मडी’, भलतंच कडक. पितळ राख-चिंचेने घासलं की शुद्ध. ज्याला चिंच लागतच नाही, ते शुद्ध होणार कसं, हा तिचा सवाल. यावर कुणाची बोलायची टाप नव्हती.

पण ती रोजची चिंच आईच्या बोटांना झोंबायची. भेगा इतक्या की सांबाराची पूड कालवताना ती ओठ दाताखाली धरायची. मला ते बघवत नसे, आणि आत्याचा असा राग यायचा की काही विचारू नका.

एकदा नवा मगा घ्यायला आम्ही तिघी बाजारात गेलो. खरेदीत आत्या पक्की. एकेक मगा उजेडाकडे धरायची, काठावरून अंगठा फिरवायची, टवका लागला की परत. तिचं हे चाललेलं असताना आईने निळ्या काठाचं एक पांढरं पातेलं उचललं आणि ते खाली ठेवेचना.

“हें न्हाणीघरांत कशाला?” आत्या म्हणाली.

“सैपाकाला, अक्का.” आईचा आवाज एवढासा.

आता भर बाजारात तमाशा होणार, असं मला वाटलं. आत्याने पातेलं हातात घेतलं. तळाशी टवका शोधून काढला, दुकानदाराला चार शब्द सुनावले आणि दुसरं मागून घेतलं.

“घे गे. मात्र मी त्यांतलं खाणार नाहीं. मला पुसूंही नको.”

“तुमचं पितळेंतच करीन अक्का. घाशीनही मीच.”

म्हणजे मिळवलं काय? एकाच्या जागी दोन स्वयंपाक, आणि चिंच काही सुटली नाही. घरी येईपर्यंत मी दोघींशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई विहिरीपाशी गेली, तर आत्या आधीच पितळेची भांडी पुढ्यात घेऊन बसलेली. आई वाकून एक भांडं उचलू लागली, तशी तिने ते ओढून घेतलं.

“मडी माझी. मग बोटं तुझीं कां जायचीं?”

आई तिथेच उभी राहिली. तिचे डोळे भरले होते आणि माझा राग कुठल्या कुठे गेला होता.

आत्याने त्या पातेल्यातला घास शेवटपर्यंत तोंडात घातला नाही. तिचीही बोटं पुढे फुटली. दुपारचं जेवण होऊन तिची मडी सुटेपर्यंत तिला शिवायची सोय नसे. सुटली की आई खोबरेल घेऊन तिच्याजवळ बसायची आणि एकेक बोट हळूहळू चोळायची. आत्या दर वेळी “पुरे गे, पुरे,” म्हणायची, आणि हात काही काढून घ्यायची नाही.