पौर्णिमेच्या ओहोटीला मापलेली गाडी

रत्नपाल कासारे यांनी आयुष्यभर पाणी मोजलं. बंदर खात्यात एकतीस वर्षं नोकरी केली. धक्क्याच्या खांबावर रंगवलेली पट्टी असते, तिच्यापाशी दिवसातून चार वेळा जायचं, पाणी कुठल्या रेघेला आहे ते बघायचं आणि वहीत उतरवायचं. काम एवढंच, पण ते सोपं नाही. पाणी एका जागी कधी थांबत नाही. वर-खाली होणाऱ्या लाटेतून खरी रेघ वाचायला डोळा लागतो, आणि तो डोळा रत्नपालांकडे होता. निवृत्त झाले त्या दिवशी साहेब म्हणाले होते, तुमच्या वहीत खाडाखोड नाही. रत्नपालांना ते शालीपेक्षा मोठं वाटलं.

आगरदांड्याच्या अलीकडे त्यांचं घर. दारात एक जुनी स्टेशन वॅगन. अलिबागला बंगला असलेल्या एका मुंबईकराने ती विकायला काढली, तेव्हा यांनी घेतली. पुढून साध्या मोटारीसारखी, पण मागे लांबच लांब, आणि जमिनीला टेकलेली. गावाने नाव ठेवलं ‘लांबडी’. मागची सीट पाडली की आत अख्खं माणूस पाय पसरून झोपू शकतं. विहाराच्या खुर्च्या, सुपारीची पोती, नवरीचं कपाट, सगळं लांबडीने वाहिलं होतं.

यंदा माघात रत्नपालांची थोरली बहीण धोंडूबाई विहिरीच्या पायरीवरून घसरली. खाडीपलीकडे, दिघीच्या बाजूला तिचं गाव. नवरा गेलेला, मुलगा गुजरातेत कंपनीत. कमरेतला एक मणका दबला. अलिबागच्या दवाखान्यात थोडे दिवस काढून ती भावाकडे आली, ती अँब्युलन्समधून. चौल, रेवदंडा, काशीद, मुरूड अशा त्या वाटेवर तिने प्रत्येक खड्ड्याला ओरडून दाद दिली. घरी उतरवल्यावर डोळे पुसून म्हणाली, “रत्न्या, परत त्या पेटीत मला घालू नको. आणि त्यातनं माझ्या गावात गेले, तर बाया रडायलाच जमतील.”

बारा आठवडे हलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. धोंडूबाईने बोटांवर आठवडे मोजले. बारावा आठवडा वैशाखी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी संपत होता. त्या दिवशी अलिबागच्या डॉक्टरांचा माणूस मुरूडला येणार, तिथून घरी येऊन तपासणार आणि मगच सोडणार. पौर्णिमेला सकाळी तिच्या गावच्या विहारात वंदना, मग खीर. त्या विहारातली पहिली मेणबत्ती चाळीस वर्षं धोंडूबाई लावते. विहाराचं पत्र्याचं छप्पर होतं तेव्हापासून.

“न्यायचं असंल तर त्या सकाळी ने,” ती म्हणाली. “न्हायतर राहू दे. मी हितंच पडून हाय.”

तिने ते रागाने म्हटलं नाही, म्हणून रत्नपालांना जास्त लागलं.

अडचण धक्क्यावर होती, आणि ती रत्नपालांइतकी कोणाला कळणार? आगरदांड्याहून दिघीला गाड्या नेणारी बोट धक्क्याच्या उतारावर आपली लोखंडी फळी टेकवते. पाणी वर असलं की फळी आडवी पडते, गाडी सुखाने आत जाते. पाणी तळाला गेलं की उतार आणि फळी यांच्यामध्ये खोल खाच होते. पुढची चाकं फळीवर चढली की लांबडीचं शेपूट खाली जातं आणि सिमेंटवर खरडतं. पौर्णिमा म्हणजे उधाण. त्या दिवशी जितकं पाणी चढतं तितकंच ते उतरतं, आणि सकाळच्या पहिल्या बोटीला नेमकी ओहोटी तळाला. दुसऱ्या बोटीपर्यंत थांबलं तर वंदना हुकणार. तालुके फिरून रस्त्याने जायचं तर तीन-चार तासांचे खड्डे.

रत्नपाल मिस्त्री सदूकडे गेले. सदूने गाडीखाली डोकं घालून सांगितलं, “रत्नाभाऊ, सोपं काम हाय. स्प्रिंगीत रबराचे ठोकळे घालतो. उंटासारखी हुबी राहील.”

उभी राहिली. मग रत्नपाल मागे गादी टाकून स्वतः आडवे झाले, अंगावर चादर घेतली आणि बायकोला, जयमालाला, म्हणाले, “चालव नांदगावापर्यंत.” जयमाला पंचायतीत कामाला होती, तिथेच गाडी शिकलेली. तिने चालवली. पहिल्या खड्ड्याला यांचं डोकं छताकडे निघालं. तिसऱ्याला जीभ चावली. नाक्यावर गाडी हळू झाली, तर पानटपरीवरच्या माणसाने काचेतून आत पाहिलं, टोपी काढली आणि हात जोडले.

“अहो, उठून बसा,” जयमाला म्हणाली. “ते सगळीकडं फोन लावतील.”

रत्नपाल उठून बसले, तेव्हा तो माणूस दोन पावलं मागे सरला.

घरी आल्यावर त्यांनी कंबर धरली. बारा आठवड्यांनी जुळलेल्या मणक्याला हे सोसायचं नाही. ठोकळे काढले तर गाडी मऊ, पण खरडणार. ठेवले तर खरडणार नाही, पण बहिणीचं हाड ठेचणार. सदू म्हणाला, एकच काहीतरी मिळंल. रत्नपाल त्या रात्री जेवले कमी.

मग अमावास्येला ते पहाटे धक्क्यावर गेले. अमावास्येचं उधाणही पौर्णिमेसारखंच. बोट लागल्यावर त्यांनी फळी आणि उतार यांच्यामध्ये दोरी ताणली, खाचेची खोली काठीने घेतली. हिशेब निघाला: शेपटाखाली एक वीत आणि चार बोटं हवीत. लांबडीला होती ती वीतभरच. एवढा आकडा खिशात घालून ते पनवेलला गेले.

तिथे प्राप्ती नावाच्या मुलीचं दुकान होतं. बापाचं गॅरेज तिने गाड्यांचे शॉकअप आणि स्प्रिंगा बनवण्याच्या कामाला लावलेलं. ती ग्राइंडर चालवत होती.

“काका, गाडी शोला लावायची की रेसिंगला?”

“दोन्हीकडं न्हाय. बोटीवर चढवायची हाय.”

“बोटीवर?”

“आणि आत पाठ मोडलेली माझी बहीण झोपणार हाय.”

तिने ग्राइंडर बंद केला. हात पुसले आणि दोन वस्तू बाकावर ठेवल्या. दोन्हींत शॉकअपच्या नळीवरच स्प्रिंग चढवलेली आणि नळीला बाहेरून आटे. याला कॉइलओव्हर म्हणतात असं तिने सांगितलं.

“ही पहिली बघा. एकच रिंग आहे. रिंग वर फिरवली की गाडी उचलते, पण स्प्रिंग आवळली जाते. मग खड्ड्यात चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. गाडी धाडकन आपटते.”

“सदूच्या ठोकळ्यांची शहरातली भाची,” रत्नपाल म्हणाले.

प्राप्ती हसली. “आता ही. हिचा खालचा भागच आट्यांवर लांब-आखूड होतो. उंची तिथे लावायची, स्प्रिंगला हातच नाही लावायचा. आणि हे वरचं बटण. बत्तीस खटके. गाडी किती मऊ चालायची ते इथे. दोघांचा एकमेकांशी काय संबंध नाही.”

रत्नपालांनी ती दुसरी वस्तू हातात घेतली. आटे फिरवून पाहिले, बटणाचे खटके मोजले. मग म्हणाले, “म्हणजे भरती वेगळी आणि लाट वेगळी.”

“काय?”

“पाणी किती चढलं ही एक गोष्ट. ते किती हालतंय ही दुसरी. आमच्या पट्टीवर नवीन पोरं दोन्ही एकात धरायची, म्हणून चुकायची. मी एकतीस वर्षं दोन्ही वेगळं वाचलं.”

“काका, हे मी माझ्या कस्टमरला सांगू का?”

“सांग. फुकट हाय.”

चार दिवसांनी चारही चाकांना तो दुसरा प्रकार बसला. रत्नपालांनी घरी अंगणात शेपटाखाली वीत लावली, चार बोटं लावली, बरोबर भरली. समाधानाने चहा मागितला. कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

“काय झालं?” जयमालाने विचारलं.

“गाडी रिकामी हाय. रिकाम्या होडीची रेघ बघून कोण बंदर सोडतो? मी, बंदर खात्यातला माणूस, रिकामी मोजली.”

त्यांनी घरातले तांदूळ आणून मागे ठेवले. एक मोठं पोतं, वर एक लहान. वर धोंडूबाईचं गाठोडं, वर नारळ. शेपूट दोन बोटं खाली आलं. ओटीवर खाटेत पडलेली धोंडूबाई हे सगळं बघत होती.

“रत्न्या, ती पोती कोण हायत?”

“तू.”

“दोन पोती? अरं, इतकं आठवडं मला तुझी बायको पेज पाजतीय. एक काढ.”

“वन्सं, पेजेत तूप कोण मागत होतं?” जयमाला आतून म्हणाली.

“मंग राहू दे,” धोंडूबाई म्हणाली. “पण लहान पोतं जरा उशाकडं सरकव. मी दुमडून न्हाय झोपणार.”

पोती तशीच ठेवून, प्राप्तीने दिलेला वाकडा पाना घेऊन रत्नपालांनी दुपारभर उंची लावली. मग तांदळाशेजारी स्वतः आडवे झाले, आणि जयमालाने पुन्हा नांदगावाकडे गाडी घेतली. एका खटक्याला गाडी पाळण्यासारखी झुलायची. दुसऱ्याला ठोकर लागायची. मधली जागा नवव्या खटक्यावर सापडली. खड्डा यायचा, चाक त्यात उतरायचं, आणि वर फक्त एक दीर्घ श्वास घेतल्यासारखं व्हायचं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी डॉक्टरांच्या माणसाने धोंडूबाईला हो म्हटलं. काठी घेऊन चालायचं, पण धक्का नको.

सकाळी ती गादीवर आडवी झाली. पांढरं लुगडं, उशाशी मेणबत्त्यांचा पुडा. गाडी निघताना तिने डोळे मिटले आणि दोन्ही मुठी आवळल्या. गाडी बोटीच्या धक्क्यावर आली. पाणी खूप खाली गेलं होतं. खांबाचे कधी न दिसणारे शेवाळलेले पाय उघडे पडले होते आणि उतारावर चिखलाचा वास होता. बोटीवरच्या माणसाने लांबडी पाहिली आणि हात हलवला.

“ओ, ही न्हाय चढणार! दुसऱ्या बोटीला या!”

“चढंल,” रत्नपाल म्हणाले.

“खरडली तर मला बोलू नका.”

स्टिअरिंगवर जयमाला बसली. रत्नपाल उतरले, गाडीच्या मागे गेले आणि त्या ओल्या सिमेंटवर सरळ गुडघे टेकून शेपटाखाली बघत राहिले. माणसं हसली. जयमालाने गाडी अगदी मुंगीच्या चालीने सोडली. पुढची चाकं फळीवर चढली. शेपूट खाली आलं, आणखी खाली आलं. रत्नपालांनी श्वास धरला. एक बोट राहिलं. अर्धं राहिलं. मागची चाकं फळीला लागली, आणि शेपूट वर उचललं गेलं.

कसलाही आवाज झाला नाही. ही शांतता ऐकायला रत्नपालांनी दोन आठवडे वाट पाहिली होती. उठताना त्यांच्या गुडघ्यांतून कळ गेली, तीही त्यांना गोड वाटली.

बोटीवरचा माणूस म्हणाला, “बेताची गेली हो.”

“बेत केला होता,” रत्नपाल म्हणाले.

बोट सुटली. खाडीवर कोवळं ऊन पडलं, बगळे चिखलात उतरले. रत्नपालांनी मागचं दार उघडलं. धोंडूबाईचे डोळे अजून मिटलेले, मुठी आवळलेल्या.

“आक्का, दुखतंय?”

“न्हाय. पण लवकर चढव बाबा, मी दम धरून हाय.”

“चढलो.”

“कवा?”

“आपण खाडीच्या मध्यावर हाव.”

तिने एक डोळा उघडला. दारातून पाणी दिसलं. मग दुसरा उघडला. मुठी सुटल्या, आणि ती हसायला लागली. हसण्याने पाठ दुखेल म्हणून जयमालाने दटावलं, तर ती म्हणाली, “दुखत न्हाय गं, खरंच दुखत न्हाय.”

दिघीनंतरचा रस्ता वाईटच होता. नवव्या खटक्याने तो गिळला. एका मोठ्या खड्ड्यावर रत्नपालांनी मागे पाहिलं, तर धोंडूबाईला झोप लागली होती, तोंड थोडं उघडं.

गावात विहारासमोर निळ्या पताका लागल्या होत्या. बाया जमल्या होत्या, पण रडायला कोणी नाही. मागचं दार उघडलं, धोंडूबाई कुशीवर वळली, पाय खाली सोडले आणि काठीवर उभी राहिली. कोणाचा हात घेतला नाही. पायऱ्या तीनच होत्या, त्या तिने एकेक करून चढल्या. विहाराच्या सेवकाने दुसऱ्या कोणाच्या हातात काडेपेटी दिली होती, ती त्याने परत घेतली.

“जय भीम, धोंडूबाई. आम्ही म्हटलं यंदा न्हाय येत.”

“जय भीम. सर बाजूला,” ती म्हणाली.

पहिली मेणबत्ती लागली. बाहेर रत्नपाल गाडीला पाठ टेकवून उभे होते. वंदनेचे सूर सुरू झाले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की काल दुपारपासून आपण काही खाल्लेलं नाही. त्यांनी जयमालाला हळूच विचारलं, “खीर कवा वाढतील गं?”