सातवा ठोका

बल्लारपूरच्या कागद कारखान्यात कामाला जाताना तो रोज गाडीत माझ्यासमोर, खिडकीशी बसायचा. साठीला टेकलेला, मनगटं जाड, बोटं सारखी जेवणाच्या डब्यावर चाललेली. सहा ठोके झाले की मला वाटायचं, संपलं. तेवढ्यात तो सातवा टाकायचा. नुसती चीड यायची.

एक दिवस डोकं ठणकत होतं. मी खेकसलो, "बंद करा न ते! काऊन डोकं खाऊन राह्यले तुमी?"

त्याचं बोट हवेतच थांबलं. "एकच ठोका राह्यला होता, भाऊ," तो ओशाळून हसला आणि हात मांडीखाली दाबून बसला. त्यानंतर डबा कधी पिशवीबाहेर आला नाही.

गेल्या आठवड्यात पेपरात त्याचा तरुणपणीचा फोटो आला. खांद्यापर्यंत केस, पुढ्यात ड्रम. नागपूरच्या एका जुन्या रॉक बँडचा ड्रमर वारला. वीस-वीस मिनिटांची गाणी वाजवायचे म्हणे, सात मात्रांची. त्याचं नावही मला तेव्हाच कळलं.

आता समोरची जागा रिकामी असते. मी माझ्या डब्यावर वाजवून बघतो. सहा ठोके जमतात. सातव्याला बोट उचललं की माझाच आवाज कानात येतो, "बंद करा न ते!"