दोर कोणाचा ढिला

माझी सून कॉलेजात शिकवते, पण नोकरी कच्ची. पक्की व्हायची तर साहेबांपुढं एक तास शिकवून दाखवायचा होता. आधी असं काही असलं की ती माझ्या बायकोले ऐकवायची. बायको भाजी निवडत ऐके आणि समजलं नाही तर तोंडावर सांगे, "डोक्यावरून गेलं, परत सांग." होळीनंतर बायको गेली. आता सून आरशापुढं बोले आणि मधेच अडके. मले ऐकू येई. मी चौथी शिकलेला, मी काय सांगणार?

तरी एक दिवस म्हटलं, "मले ऐकव."

"बाबा, तुम्ही झोपता."

"झोपलो तर समज, शिकवणं बेकार आहे."

मग तिनं सांगितलं. शंभर वर्षांच्या वर झाले, फ्रान्सात शेतीकामाचा एक इंजिनीअर होता. बैल किती ओढतो, यंत्र किती ओढतं, हे पाहता पाहता त्यानं माणसं दोराले लावली. एकटा माणूस जेवढं ओढे, तेवढं तो चारचौघांत ओढत नव्हता. पुढं दुसऱ्यांनी विचारलं, सगळ्यांचा झटका एका वेळी बसत नाही म्हणून असं होते, का माणूस गर्दीत अंग चोरते? दोन्ही निघालं. इथवर मले समजलं. मग तिनं इंग्रजी सुरू केलं आणि अडकली.

"आई असत्या तर अडकले नसते," म्हणाली. मलेही तेच वाटून राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी बोरची मोटर जळली. ती वर काढायची म्हणजे आमच्या गुढियारी वस्तीत सगळा पारा, म्हणजे मोहल्ला, जमते. मोटरले बांधलेला दोर सगळ्यांनी धरायचा आणि ओढायचा. ओरडणं असं, की मालगाडीची शिट्टी ऐकू येऊ नये. मोटर मात्र हलेना. मी शेवटचं टोक धरून उभा.

सून ओट्यावरून म्हणाली, "बाबा, तुमचा दोर ढिला आहे."

"एवढे जण ओढून राहिले न."

"सगळ्यांना तेच वाटत असेल." ती हसली आणि पदर खोचून खाली आली. दोरावर बोट ठेवत एकेकापाशी थांबू लागली. "भैया, टाइट. दीदी, एकदम टाइट. काका, आप तो सिर्फ चिल्ला रहे हो."

सगळे त्या काकावर तुटून पडले. "काहून बे, गळ्यानं मोटर काढतो का?" पण बोट आपल्यावर येईल म्हणून जो तो ताणून उभा राहिला. मोटर वर आली. मग चिखलात उभी राहून तिनं त्या फ्रान्सवाल्याची गोष्ट सगळ्यांना हिंदीत सांगितली. एकदाही अडकली नाही. मी झोपलो नाही.

साहेबांपुढं ती दोर घेऊनच गेली. त्यांनाच धरायला लावला. सगळ्यात मोठ्या साहेबाचा ढिला निघाला, आणि हसलाही तोच जास्त.

नोकरी पक्की झाल्याचा फोन आला. मी पेढे घेऊन पाऱ्यात निघालो. पहिल्याच घरी ऐकलं, "हमने खींचा, तभी तो हुआ." पुढच्या घरी तेच. तो ओरडणारा काका तर म्हणे, सगळं त्याच्यामुळंच झालं.

बायको असती तर पेढा हातावर ठेवायच्या आधी एकेकाले विचारलं असतं, "खरंच ओढलं होतं का रे?" मी न विचारता पेढे वाटले.