मांडवात वाजलेली घंटी

फौजेतून निवृत्त झाल्यावर माझ्या काकांनी उसातल्या आंतरपिकांवर व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. सगळ्या भावकीनं त्यांचं चॅनेल सबस्क्राईब केलं, पण नवा व्हिडिओ कुणीच बघेना. काका माझ्यावर घसरले.

"आवं काका, नवा आलेला आमाला कळतच न्हाई," मी म्हणालो आणि फोन उघडून दाखवला. नुसतं सबस्क्राईब केलं की कधी कळवायचं आणि कधी नाही, ते ॲपच ठरवतं. दरवेळी कळायला हवं असेल, तर घंटीवर बोट ठेवून 'सर्व' निवडावं लागतं.

"म्हंजे पलटण हाय, पर बिगुलच वाजत न्हाई व्हय?" काका म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात कराडला त्यांच्या लेकीचं लग्न होतं. काका कार्यालयाच्या दारात उभे राहिले आणि येईल त्या पाहुण्याचा फोन मागून घंटी दाबून देऊ लागले. व्याह्यांनाही त्यांनी सोडलं नाही.

मंगलाष्टकं रंगात आली आणि सगळ्या मांडवात एकदम टिंगटिंग सुरू झालं. काकांनी हरभऱ्याचा व्हिडिओ नेमका मुहूर्ताच्या वेळेला लावून ठेवला होता! भटजींच्या खिशातही वाजलं. काकूंनी डोळे वटारले, अंतरपाटाआड नवरीला हसू आवरेना.

जेवणाच्या पंगतीत व्याही काकांशेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "पावणं, ह्यो हरभरा आमच्या काळ्या रानात येईल का वो?"

काकांनी जिलेबी बाजूला सारली आणि पानावरच्या भातात बोटानं सऱ्या पाडून दाखवायला सुरुवात केली.