निरोप कोणाचा?

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. उलट सांगणाऱ्यांची मी यथेच्छ टर उडवायचे. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय...

आम्ही सिंगापूरला राहतो, हौगांगमध्ये. नवरा, सुधीर, मरीन इंजिनिअर. सकाळी स्वयंपाकघरात जुनी इंग्रजी गाणी लावणारा रेडिओ चालू असतो. त्यावर ते जुनं स्कॉटिश निरोपाचं गाणं ऊठसूट लागायचं. एकतीस डिसेंबरला, सरत्या वर्षाला निरोप म्हणून, समजू शकते हो, पण जूनमध्ये, मी इडल्या काढत असताना, कोण कोणाला निरोप देतंय? आमच्या घरात बोटीवर निघालेला माणूस 'जातो'सुद्धा म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. मी स्टेशनला फोन करून चांगलं खडसावलं होतं.

त्या दिवशी सुधीर बोटीवर रुजू व्हायला निघाला. मी त्याच्या हातावर दही ठेवलं, त्याने बॅग उचलली – आणि रेडिओवर तेच गाणं. माझं डोकंच फिरलं.

"बस खाली. पाणी पी, मग निघ." निघताना काही आडवं आलं की आम्ही असंच करतो.

तो बसला, पाणी प्यायला, उठला. गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू.

"अगं, टॅक्सी खाली उभी आहे."

"राहू दे उभी. या रेडिओवाल्यांना आज सोडत नाही मी."

फोन लावला. पलीकडची मुलगी इथल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत शांतपणे म्हणाली, "आंटी, नो सच साँग लाह. नाऊ इज न्यूज."

इकडे गाणं चालूच होतं. मी तिला झापायला तोंड उघडलं. छातीत कळ आली आणि मी ओट्याशी कोसळले. सुधीरने मला उचललं आणि त्याच टॅक्सीतून हॉस्पिटलला नेलं. हार्ट अटॅक होता. घरात एकटी असते तर वाचले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

सुधीरशिवाय गेलेली ती बोट ठणठणीत गेली आणि ठणठणीत परत आली. म्हणजे निरोप त्याचा नव्हताच. इतकी वर्षं मी त्याच्यासाठी देव पाण्यात घालून बसायचे. मलाही काही होऊ शकतं, हे कधी मनातच आलं नाही.

स्टेशनवाले म्हणतात, गाणं लावलंच नव्हतं. सुधीर म्हणतो, दोन्ही वेळा ऐकलं. मला आजही काही कळलेलं नाही. पण ज्याने कोणी ते वाजवलं, त्याला माझा एकच सवाल आहे – नीट सांगायला काय झालं होतं? मी रागाच्या भरात रेडिओ बंद करून सुधीरला दाराबाहेर काढलं असतं, तर?