फॉर्मातलं आईचं नाव

व्हिसाचा फॉर्म मी लातूरला कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून भरून घेतला. परदेशी एम.एस.ला प्रवेश मिळाला होता, मुंबईची मुलाखत आठ दिवसांवर आली होती आणि आपल्याला सगळं कळतं हा माज अंगात भरपूर होता. तरी एकदा दाखवावं म्हणून एसटीनं नांदेडला गेलो. मी शिकलो त्या कॉलेजातले एक सर परदेशात राहून आलेले होते.

सरांनी लाल पेन्सिल दोन ठिकाणी टेकवली. "जन्माचा जिल्हा लातूर? तू जन्मलास तेव्हा लातूर जिल्हा होता कुठं रे? उस्मानाबाद लिही." जिल्हा नवा नवा झालेला, त्या कौतुकात आम्ही सगळीकडं लातूरच ठोकून देत होतो. मी हसलो. सर हसले नाहीत. "आणि हे आईचं नाव? जन्मदाखल्यात वेगळंच आहे. ही बाई कोण?"

माझे कान तापले. ती माझी मोठी काकू होती.

आमचं घर एकत्र, तीन भावांचं. मोठ्या काकूला मूलबाळ नव्हतं, पण घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला. म्हणून आम्ही सगळी पोरं तिलाच आई म्हणायचो. माझ्या खऱ्या आईला धाकटे काका वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणायचो. थोरल्यांसमोर आपलं लेकरू मांडीवर घ्यायचं नाही, त्याला 'माझा' म्हणायचं नाही, ही घरची रीत. टायपिस्टनं आईचं नाव विचारलं आणि मी बिनदिक्कत काकूचं सांगून मोकळा झालो. एवढा शिकलेला गाढव!

"तिथल्या साहेबाला तुमची रीत काय ठाऊक? खोटं लिहिलंस म्हणून परत पाठवील," सर म्हणाले. "फॉर्म नवा टाइप करून घे. सोबत आईचं प्रतिज्ञापत्र जोड."

म्हणजे वहिनीला सांगणं आलं. दुष्काळाचं साल. मी घरी पोचलो तेव्हा ती गल्लीत टँकरच्या रांगेत रिकामी घागर घेऊन उभी होती. तिथंच सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, रडेल, निदान रागावेल तरी. तिनं घागर या कमरेवरची त्या कमरेवर घेतली.

"मग? माझ्यापायी तुझं जाणं अडून राहिलंय का?"

"तसं न्हाई, वहिनी. माझंच चुकलं."

"तुझं कशानं? आमीच तसं वळण लावलं," एवढंच बोलली आणि रांगेत पुढं सरकली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. नव्या जिल्ह्याची कचेरी, कपाटं अजून व्हरांड्यातच पडलेली. मोठी काकूही सोबत होती. तिच्याशिवाय वहिनी गल्लीबाहेर कधी पडतच नसे. कारकुनानं मान वर न करता वहिनीला विचारलं, "हा तुमचा कोण?"

पदर पुढं ओढून तिनं मोठ्या काकूकडं पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी आई मला आपला म्हणायची परवानगी मागत होती. मोठ्या काकूनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "सांग की गं. तुझाच हाय तो."

"माझा हाय," ती म्हणाली. मग कुणी विचारलेलं नसताना पुन्हा, मोठ्यानं, "माझ्या पोटचा हाय."

कारकुनानं स्टॅम्पपॅड पुढं सरकवलं. तिनं अंगठा दाबून उमटवला, खालच्या कार्बन प्रतीवरही.

मुंबईत साहेबानं फॉर्म पाहिला, प्रतिज्ञापत्र पाहिलं, त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. व्हिसा मिळाला. निघायच्या दिवशी स्टँडवर सगळं घर जमलं. आज तिला आई म्हणायचं, असं मी घरापासून मनात घोकत आलो होतो. पाया पडलो आणि तोंडातून सवयीनं निघालं, "येतो, वहिनी."

"हाव. नीट जा," ती म्हणाली.

मी तिकडं असतानाच ती गेली. प्रतिज्ञापत्राची कार्बन प्रत माझ्याकडं आहे, अंगठ्याची शाई आता फिकट झालीय. त्यात ती सांगते, हा माझा मुलगा. मी तिला आई म्हणून हाक मात्र एकदाही मारली नाही.