पोलादपूरजवळचा उसना कॅफे

चार मित्र वर्षानुवर्षं एकत्र फिरले की किस्से आपोआप साठतात. आमचे निम्मे किस्से मात्र एकाच जागेचे आहेत. पोलादपूरच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत एका वाडीत दिलीपरावांचा कॅफे आहे, तिथले.

*

तो सापडला चुकून. वीर स्टेशनला उतरून रिक्षाने सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेलो होतो. आंघोळ झाल्यावर आमच्यातल्या हेमंतला कॉफीची तल्लफ आली. रिक्षावाला म्हणाला, "कॅफे हाय एक, लांब हाय जरा. पन तिथं सगळं जुनाट हाय, चालंल का?"

आम्ही सगळे पन्नाशीचे. न चालायला काय झालं?

*

आत पितळी घंगाळ, आरामखुर्ची, टेबल म्हणून लाकडी पेटारा, भिंतीवर कंदील. आमच्या रेखाला आजोळ आठवलं, डोळे पुसत ती फोटो काढू लागली. तेवढ्यात एक बाई आली, कंदील उतरवला, "लाईट गेली माझ्याकडं," म्हणाली आणि घेऊन गेली.

दिलीपराव मुंबईची नोकरी सोडून आपल्या वाडीत परतलेले. सजावटीला त्यांनी घराघरांतून जुन्या वस्तू मागून आणल्या होत्या. लोकांनी आनंदाने दिल्या, लागतील तेव्हा न्यायच्या बोलीवर.

*

पुढच्या खेपेला आम्ही पेटाऱ्यावर घावन खात होतो. पेटाऱ्याचा मालक आला. "खावा, खावा निवांत," म्हणत त्याने आमच्या बशा एकेक करून आमच्याच हातात दिल्या, झाकण उघडलं आणि आतल्या गोधड्या काढायला लागला. त्याच्याकडे पाहुणे आले होते.

हेमंत उभ्याउभ्या दिलीपरावांना म्हणाला, "बसल्याचं बिल लावू नका हां."

*

आरामखुर्ची शेजारच्या काकांची. ते रोज चहाला येतात. एकदा तिच्यावर रेखा बसलेली पाहून ते बाजूला उभे राहिले.

"काका, तुम्ही बसा ना."

"नाय नाय, तुम्ही बसा. तुमचं झालं की मी बसतो."

रेखाने गरम चहा दोन घोटांत संपवला.

*

दिलीपरावांचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकलेला. त्यांची बायको, अलकावहिनी, अजून ठाण्यात नोकरीवर होत्या. "कॅफे डोळ्यांनी बघते. मग मी तिकडे यायचं की तुम्ही परत यायचं ते ठरवू," असं त्यांनी सांगून ठेवलेलं. तोवर दिलीपराव रोज उजाडताच, वस्तू जागेवर असतानाच, फोटो काढून पाठवायचे.

एकदा आमच्यासमोरच वहिनींचा फोन आला. "कालच्या फोटोतलं घंगाळ आज कुठाय?"

"घासायला दिलंय," दिलीपराव म्हणाले. घंगाळ बारशाला गेलं होतं.

*

वहिनी आल्या त्या रविवारी आम्ही तिथेच होतो. नेमकी वाडीतल्या एका मुलीची हळद. सकाळपासून माणसं येत होती आणि एकेक वस्तू उचलून नेत होती. दुपारी कॅफेत चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि आम्ही एवढेच उरलो. दिलीपरावांना कुणाला नाही म्हणता येईना. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

वहिनी वीरहून रिक्षाने आल्या. दारात उभं राहून त्यांनी आतला ओकाबोका हॉल पाहिला.

"हाच कॅफे?"

"हो," दिलीपराव म्हणाले.

"फोटोतलं सामान?"

"लग्नघरी."

वहिनींनी पिशवी खाली ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेल्या. बराच वेळ झाला तरी परतल्या नाहीत. दिलीपराव दारातून हलेनात. शेवटी आम्हीच त्यांना हाताला धरून बाहेर काढलं आणि हळदीचं बोलावणं होतंच म्हणून लग्नघराकडे निघालो.

मांडवाच्या मागे विळीवर बसून वहिनी नारळ खवत होत्या. नवरीची आई ओशाळून म्हणत होती, "उद्या सकाळीच तुमचं सगळं सामान पोचवते गो अलका."

"सावकाश द्या, काकू," वहिनी म्हणाल्या. "मी कुठं जातेय आता."